रविवारचा चौक

नोटीस लिफ्टमध्ये लावली होती. आमच्या चौकाची पुनर्रचना होणार आहे, नागरिकांच्या सूचना हव्या आहेत, येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता शाळेच्या सभागृहात उपस्थित राहावे. खाली महापालिकेचा शिक्का होता आणि शिक्क्याशेजारी कोणीतरी पेनाने लिहिलं होतं: चहा आहे.

रविवार ठरवण्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. डोंबिवलीत सभा रविवारीच असते. सोसायटीची वार्षिक सभा, रक्तदान, टाकी धुणं, लग्नाची बोलणी, सगळं रविवारी, कारण माणसं रविवारी घरी असतात. बाकीचे दिवस ती सकाळी सातच्या सुमारास स्टेशनकडे जातात आणि दिवे लागल्यावर परततात. मी त्यांच्यातलाही नव्हतो. एका वर्तमानपत्रात रात्रपाळीला मी तीस वर्षं इतरांनी लिहिलेल्या बातम्या तपासल्या. पहाटे घरी यायचो आणि दुपारी एकला उठायचो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी उठण्याची वेळ फारशी बदलली नव्हती. ही माहिती इथे द्यावी लागते, कारण पुढे जे झालं त्यात तिचा भाग आहे.

चौक साधा आहे. मोठा रस्ता स्टेशनकडून एमआयडीसीकडे जातो. त्याच्या एका बाजूला आमच्या इमारतींची गल्ली, दुसऱ्या बाजूला दोन शाळांची. मोठ्या रस्त्यावर मधोमध डिव्हायडर आहे आणि चौकापासून थोडं पुढे, औषधांच्या दुकानासमोर, त्या डिव्हायडरमध्ये एक फट आहे. ती मुळात ठेवलेली की तुटून पडलेली, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी ती रुंद होती.

सभेला मी झोप मोडून गेलो. पन्नासेक माणसं होती, बहुतेक पुरुष. सल्लागार कंपनीची इंजिनिअर ठाण्याहून, नौपाड्यातून आली होती. तरुण होती. तिने भिंतीवर नकाशा लावला आणि म्हणाली की तुम्हाला काय त्रास होतो ते तुम्हीच सांगा, मी फक्त लिहून घेते. एका वृद्ध गृहस्थांनी उठून पाण्याच्या दाबाचा विषय काढला. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, पाणी पुढच्या रविवारी." सगळे हसले, तेही हसले आणि बसले.

मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बोलले. गेल्या वर्षी संध्याकाळी कामावरून येताना त्या फटीतून वळलेल्या मोटारसायकलने त्यांना उडवलं होतं. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये होता आणि अजूनही ते जिना कठडा धरून चढतात. त्यांचं म्हणणं एकच होतं: ती फट बंद करा. त्यानंतर जो उठला तो तेच बोलला. संध्याकाळी बाइकवाले कसे घुसतात, रिक्षा कशा उलट्या येतात, रविवारी सकाळी भाजी आणायला जाताना जीव कसा मुठीत धरावा लागतो. जवळपास प्रत्येकाकडे स्वतः पाहिलेला एक प्रसंग होता. खोटं कोणी बोलत नव्हतं.

दाराजवळ पाळणाघराच्या काकू उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं पाळणाघर आहे. माझी मुलगी लहानपणी तिथेच होती. माझी पत्नी तिला सकाळी सोडायची आणि संध्याकाळी आणायची. मी कधी गेलो नाही, ती माझी झोपेची वेळ होती. तेव्हा काकूंचे केस काळे होते आणि मुलं वीस-पंचवीस असत. आता नऊ होती. शाळा सुटल्यावर त्यांना चालत पाळणाघरात आणण्याचं काम काकू स्वतः करत.

त्यांनी हात वर केला नाही. बोलण्यात खंड पडला तेव्हा त्या म्हणाल्या, "दुपारी साडेबाराला या तिथे. मग ठरवा."

सेक्रेटरी वळले. "काकू, साडेबाराला रस्ता मोकळा असतो."

"तुम्ही बघितलाय?"

तेवढ्यात चहा आला. त्या क्षणी मला काकूंचं ते वाक्य चांगलं उत्तर वाटलं होतं, म्हणजे बातमीत चौकटीत टाकावं असं. त्यापलीकडे मी काही विचार केला नाही.

चहा पिताना काकूंनी मला त्यांची अडचण सांगितली. मी पेपरात होतो, म्हणून मी लिहीन असं त्या धरून चालल्या होत्या. आराखड्याप्रमाणे फट बंद झाली तर पायी जाणाऱ्यांसाठी पट्टे पेट्रोल पंपापाशी येणार. एक शाळा सव्वाबाराला सुटते, दुसरी साडेबाराला. पंपाला वळसा घातला तर पहिल्या शाळेची मुलं पाळणाघरात पोचवून त्या दुसऱ्या शाळेच्या फाटकात वेळेवर उभ्या राहू शकत नाहीत. मुलं ताटकळली तर आया ती काढून घेणार. शाळांच्या बाजूला एक नवं पाळणाघर निघालं आहे, तिथे टीव्ही आहे, एसी आहे. नऊतली चार गेली तर त्यांना दार बंद करावं लागेल. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

सभेच्या सूचना एकत्र करून लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी ते नीट केलं. किती जणांनी काय सांगितलं त्याप्रमाणे क्रम लावला. पहिला मुद्दा, दुभाजकातील फट तातडीने बंद करावी. मग रिक्षांची रांग, फुटपाथ, दिवे, झाडाची फांदी. एकूण अकरा मुद्दे झाले. काकूंचा मुद्दा एकाच व्यक्तीचा होता, म्हणून तो अकरावा. बातमी लिहिताना महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली, हा नियम बोटांत बसलेला असतो. नियमामागचं कारणही साधं आहे. जागा कमी पडली तर खालून कापतात.

प्रभाग कार्यालयात कागद दिला आणि पोच घेतली.

महिन्याभरात एका सकाळी फटीत लाल-पांढरे प्लास्टिकचे बॅरिकेड उभे राहिले, आत पाणी भरलेले. हा प्रयोग आहे, पक्कं काम नंतर, असा फलक होता. सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांची चित्रं आली. सेक्रेटरींनी लिहिलं की हे यश आमच्या पत्रकार काकांच्या लेखणीचं. मी पत्रकार कधीच नव्हतो, उपसंपादक होतो, पण दुरुस्ती केली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी काकू घरी आल्या. संध्याकाळची वेळ, मुलं गेली होती. पत्नीने सरबत दिलं. त्यांनी मी दिलेला कागद बघायला मागितला. चष्मा लावून त्या वरून खाली वाचत गेल्या आणि दुसऱ्या पानावर थांबल्या.

"आहे माझं," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. 'नागरिकांच्या प्रमुख सूचना' असं शीर्षक असलेला, प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावलेला. कोणाकडून तरी त्यांनी त्याची झेरॉक्स आणवली होती. त्यात आठ मुद्दे होते. "इथे नाही."

मी त्यांना समजावून सांगितलं. एका पानात बसवायचं म्हणून कार्यालयाने शेवटचे तीन काढले असणार. कापताना खालूनच कापतात, सगळीकडे तीच पद्धत आहे, त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो की नाही म्हणालो, आठवत नाही. त्यांनी सरबत संपवलं, पेला स्वतः ओट्यापाशी नेऊन ठेवला आणि जाताना सांगितलं की एका मुलीच्या आईने उद्यापासून मुलगी येणार नाही असं कळवलंय. आता आठ.

दुसऱ्या दिवशी मी गजर लावून अकराला उठलो आणि बाराच्या सुमारास चौकात जाऊन उभा राहिलो. त्या गल्लीत मी पस्तीस वर्षं राहतो. पण मला चौक ओळखता येईना. आधी वाटलं, उन्हामुळे असेल. औषधांचं दुकान, पंप, वडापावची गाडी, सगळं जागच्या जागी होतं, पण माणसं दुसरीच होती. पाठीवर सॅक लावलेला एकही पुरुष नव्हता. छत्र्या घेतलेल्या बायका होत्या, डबे गोळा करून निघालेला एक सायकलवाला होता, हातात रिपोर्टची पाकिटं घेतलेली म्हातारी जोडपी होती. एमआयडीसीकडून टँकर एकामागून एक येत होते आणि दोन टँकरांच्या मधल्या जागेत शाळेच्या रिक्षा शिरत होत्या. मी सवयीने खिशातून डायरी काढली आणि मोजायला लागलो. काही मिनिटांत मोजणं सोडलं. कोणत्या बाजूने मोजायचं तेच ठरेना. सगळे आधी फटीकडे येत, बॅरिकेड बघत, थोडा वेळ थांबत आणि मग वेगवेगळ्या दिशांना जात. काही पंपाकडे चालत. काही बॅरिकेडला पाठ लावून रस्त्याच्या मधोमध उभे राहत, आणि ते कशासाठी उभे आहेत ते मला समजत नव्हतं.

मग पंपाच्या बाजूने काकू आल्या. त्यांच्या हातात एका जुन्या सुती साडीचं टोक होतं. साडी पिळून दोरासारखी केलेली, तिला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या आणि एकेका गाठीला एकेक मूल. मागच्या चार गाठींना कोणी नव्हतं, त्या जमिनीवर घासत येत होत्या. ही पहिल्या शाळेची पाच मुलं. तोपर्यंत दुसरी शाळाही सुटली होती. तिथला वॉचमन, दिवा स्टेशनहून येणारा एक पोरसवदा तरुण, उरलेल्या तीन मुलांना घेऊन बॅरिकेडच्या पलीकडे येऊन उभा होता. काकू अलीकडे, तो पलीकडे, मध्ये कमरेएवढं प्लास्टिक. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हे त्यांचं आधी ठरलेलं असावं. त्याने पहिल्या मुलीला काखेत धरून उचललं आणि बॅरिकेडवरून या बाजूला दिलं.

काकूंचे दोन्ही हात साडीत होते. त्यांना मी दिसलो.

"भाऊ, उभे काय राहिलात? घ्या."

मी घेतलं. मुलगी अपेक्षेपेक्षा जड होती आणि तिची पाण्याची बाटली माझ्या चष्म्याला लागली. मग दुसरं, मग तिसरं. तिसऱ्याने मला विचारलं, तुम्ही कोण. तेवढ्यात मागून टँकरचा हॉर्न वाजला आणि काकूंनी सगळ्यांना गाठी धरायला लावल्या. मोकळी राहिलेली गाठ मी धरली. औषधांच्या दुकानाचा मालक पायरीवर उभा राहून हे बघत होता. तो म्हणाला, "चला, एक भरती झाली."

संध्याकाळी मी इंजिनिअरला सविस्तर पत्र लिहिलं. यावेळी काकूंचा मुद्दा पहिला घेतला. तिचा दोन दिवसांनी फोन आला. ती गोंधळली होती. तिने वाहनांची पाहणी केली होती, पण एका रविवारी आणि एका कामाच्या दिवशी संध्याकाळी, गर्दीची वेळ म्हणून. ती म्हणाली, "काका, फट बंद करा हे तर तुम्हीच लिहून दिलंय. आता उघडा म्हणताय. मी नागरिकांचं मत म्हणून कुठलं धरू?"

मी म्हणालो की दुपारी एक बैठक घ्या, कामाच्या दिवशी, चौकातच.

ग्रुपवर हे कळवलं तेव्हा सोसायटी दिवसभर त्यावर बोलत होती. कामाच्या दिवशी कसं येणार, असं बहुतेकांनी विचारलं. एकाने लिहिलं की दिवसभर घरी असणारेच ठरवणार का मग. दुसऱ्याने लिहिलं की कर आम्ही भरतो. सेक्रेटरींनी फक्त आपल्या प्लास्टरमधल्या पायाचा जुना फोटो टाकला. तो फोटो मी बराच वेळ बघत बसलो. तोही मुद्दा खरा होता. बातमी असती तर दोन्ही बाजू देऊन मी मोकळा झालो असतो.

बैठकीला बुधवारी साडेबाराला औषधांच्या दुकानाच्या सावलीत अकरा माणसं जमली. सात बायका, एक रिक्षावाला, दुकानदार, पाण्याच्या दाबाचे वृद्ध गृहस्थ आणि मी. वॉचमन मुलांना घेऊन पलीकडे होता, तो लांबूनच मान हलवत होता. सगळ्यांचं मत फट उघडी ठेवावी असं पडलं. एकानेही विरोध केला नाही. रविवारच्या सभेतही एका काकूंशिवाय कोणी विरोध केला नव्हता. इंजिनिअरने दोन्ही याद्या शेजारी शेजारी धरल्या. पेन उघडलं, परत बंद केलं. मग मला विचारलं की काका, तुमचं स्वतःचं मत काय.

मी सांगितलं की मी संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा ती फट मला धोक्याची वाटते, आणि आता दुपारी इथे उभा आहे तर ती बंद असणं धोक्याचं वाटतं. तिने हे लिहून घेतलं नाही. ते बरोबरच होतं.

तिने मधला मार्ग काढला. तिथेच उभं राहून दोन माणसांकडून एक बॅरिकेड तिरका करवला. दुसऱ्याच्या मागे तो असा सरकवला की माणूस वळसा घालून आत शिरेल, पण मोटारसायकल अडेल. पक्कं काम होईपर्यंत असंच राहील, असं तिने फलकावर लिहिलं. काकूंनी लगेच मुलं घेऊन बघितलं. वळणावर साडी अडली. पुढची मुलं पलीकडे गेली, मागची वळायच्या आधीच ताणली गेली आणि मधल्या मुलीचा गाल प्लास्टिकवर घासला. काकूंनी सगळ्यांना परत घेतलं. दुकानदाराकडून कात्री मागितली आणि साडी मधोमध कापली.

"आता दोन ओळी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या ओळीला मोठं माणूस लागणार."

माझ्याकडे बघून त्या हे म्हणाल्या की नाही, हे मी सांगू शकत नाही. कापलेलं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, एवढं नक्की.

तेव्हापासून माझी उठण्याची वेळ बदलली आहे. मधल्या काळात अजून एक मूल गेलं, आता सात आहेत. चार पुढे, तीन माझ्याकडे. पक्क्या कामाचा निर्णय अजून झालेला नाही. फाइल ठाण्याला आहे असं एकदा कळलं, कल्याणला आहे असं दुसऱ्यांदा.

बॅरिकेडचं मात्र एक विचित्र चालू आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत तो सरळ झालेला असतो, फट पूर्ण बंद. सोमवारी दुपारी तो पुन्हा तिरका. सोमवारी तो कोण तिरका करतं ते मला ठाऊक आहे, कारण पाण्याने भरलेला बॅरिकेड एकट्याने हलत नाही. एक टोक वॉचमन धरतो आणि दुसरं मी. रविवारी सरळ कोण करतं तेही एकदा गॅलरीतून दिसलं. तिघे होते. त्यातले एक ढकलताना एका पायावर जोर देत नव्हते.

परवा सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "कोणीतरी तो बॅरिकेड सारखा हलवतं हो. इतकं सगळं करून मिळवलेलं. तुमच्या हाताने एक कडक पत्र जाऊ दे."

मी विचारलं, काय लिहू.

"कधी हलवतात ते तरी कळलं पाहिजे."

"दुपारी," मी म्हणालो. "साडेबाराच्या आधी."

त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "त्या वेळी कोण असतं तिथे?"

या एकदा बघायला, असं मी म्हणालो. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली. दार धरून त्यांनी क्षणभर विचार केला आणि मनापासून म्हणाले, "येतो. रविवारी येतो."